साहेबांनी धान घेतलं

साहेब खादाड होते, हे आधीच सांगून टाकते. त्यांच्याविषयी आमच्या तालुक्यात आजही पुष्कळ बोललं जातं. कुणी कडक म्हणतं, कुणी तिरसट, कुणी सरळ डोकं फिरलेला माणूस म्हणतं. पण खादाड कुणी म्हणत नाही, आणि ते कळल्याशिवाय साहेब कळत नाहीत. ते आमच्या तहसिलीत नायब तहसीलदार होऊन आले तेव्हा त्यांच्या टेबलाची कारकुनी माझ्याकडं होती. त्यांच्या फायली मी ठेवायची, त्यांच्यासोबत दौऱ्यावर मी जायची आणि त्यांच्यामुळं उपाशीही मीच राहायची. तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.

आमच्या भागात साहेब लोक शेताच्या भांडणाची जागा बघायला गेले की जीप थांबायच्या आत खाट अंगणात येते. खाटेवर पेटीतली नवी चादर पडते. पाणी येतं, चहा येतो, बिस्किटं येतात आणि तोवर मागच्या अंगणात कोंबडीचा आवाज बंद होतो. याला कुणी लाच म्हणत नाही. पाहुणचार म्हणतात. मग जेवून उठलेला साहेब शेताच्या धुऱ्यावर उभा राहतो, दोन्ही बाजूंचं ऐकून घेतो आणि ज्याच्या घरी जेवला त्याला म्हणतो, "तुमचं म्हणणं बरोबर दिसतं."

आमचे साहेब जीपमधून उतरायचे ते घडीचं स्टूल घेऊन. गळ्यात शाळेतल्या पोरासारखी पाण्याची बाटली, हातात टिफिन. नवी चादर घातलेल्या खाटेकडं पाठ करून ते स्टुलावर बसायचे आणि दुपारी एखादं झाड बघून डबा उघडायचे. डब्यात कारलं, नाहीतर दोडका. मला आणि ड्रायव्हरला त्यांची मनाई नव्हती. "तुम्ही जेवा की," ते म्हणायचे, "सही माझी आहे." पण साहेब झाडाखाली कारलं चावतायत आणि आपण आत बसून रस्सा ओरपतोय, इतकं निर्लज्ज होणं मला जमलं नाही. ड्रायव्हर गोंदिया शहरातला, हिंदीत बोलणारा. दौऱ्याचा दिवस उजाडला की तो पडक्या चेहऱ्यानं मला विचारायचा, "मॅडम, आज फिर उपवास?"

एकदा मी चिडून साहेबांना विचारलंच, की एका कप चहानं असं काय आभाळ कोसळतं?

"तुमचं कोसळत नसेल," ते म्हणाले. "माझं कोसळतं. मी खादाड माणूस आहे, मॅडम. रस्सा पोटात गेला की मला तो माणूस बरोबर वाटायला लागतो. खरंच वाटतो, ढोंग नाही. त्याच्या बायकोनं किती मायेनं वाढलं, ते सहीच्या वेळी आठवतं. मला माझी खात्री नाही."

नोकरीत मी स्वच्छ म्हणवणारे अधिकारी पुष्कळ पाहिले. ते सगळे स्वतःवर भलतेच खूष असायचे. स्वतःची खात्री नसलेला हा एवढा एकच भेटला, आणि मला तो त्या दिवशी पहिल्यांदा आवडला.

चहा नाकारणारा अधिकारी लोकांना आवडत असेल अशी तुमची समजूत असेल तर ती काढून टाका. लोक घाबरले. एका केसमधला म्हातारा शेतकरी मला व्हरांड्यात गाठून हळूच म्हणाला, "मॅडम, सायब च्या नाही पेत म्हंजे मोठं मागते वाटते. काय लागते त सांगून टाका न."

"काही लागत नाही, बाबा."

"असं कसं? मंग काम कसं होईन?"

त्याचं काम झालं. फुकटात झालं. तरी पुढं बाजारात कुठंही भेटला की तो मला बाजूला घेऊन विचारायचा, "मागून त नाही न काही निंगत?" फुकटात झालेलं काम टिकत नाही, अशी त्याची पक्की खात्री होती.

आमच्या कचेरीत दरवर्षी एक दिवस सगळ्यांनी उभं राहून भ्रष्टाचार करणार नाही अशी शपथ घ्यायची पद्धत आहे. शपथेनंतर समोसे असतात. साहेबांनी हात पुढं करून खणखणीत आवाजात शपथ घेतली, समोसा उचलला, त्याचा वास घेतला आणि विचारलं, "हे कुणाकडून?" तेव्हा कळलं की दरवर्षीप्रमाणे रेतीच्या ठेकेदाराकडून. त्यांनी समोसा परत ठेवला. पण ठेवल्यावर त्याच्याकडं ज्या नजरेनं बघत राहिले ते बघून मला भडभडून आलं. बाकीच्या कचेरीला नाही आलं. बाकीच्यांनी त्यांचाही समोसा खाल्ला.

मासे म्हणजे त्यांचा जीव. आमच्या तालुक्यात पावलोपावली तलाव, पण तालुक्यात त्यांना मासा मिळेना, कारण मासे विकणाऱ्या ढिवर बाया साहेबाकडून पैसे घ्यायला तयार नसायच्या आणि साहेब फुकट घ्यायला. म्हणून रविवारी ते लाल बस पकडून पार तिरोड्याकडं, बोदलकशाच्या तलावावर जायचे आणि आपण विमा एजंट असल्याचं सांगून मासे विकत घ्यायचे. विमा एजंट म्हटल्यावर कुणी फुकट देत नाही, उलट लवकर वाटेला लावतं. पुढं तिथंही कुणीतरी ओळखलं आणि सुटलेल्या बसच्या खिडकीतून एक मोठा मासा त्यांच्या मांडीवर टाकून दिला. साहेबांनी पुढच्या थांब्यावर उतरून तो पायी परत नेऊन दिला. त्यानंतर ते पुन्हा तिकडं गेले नाहीत.

त्यांचा नियम एकच होता आणि तो त्यांनी तहसीलदारांना तोंडावर सांगून ठेवला होता: ज्याच्या घरचं मी खाल्लं त्याची केस मी चालवणार नाही, ती दुसऱ्या नायब साहेबांकडं द्यायची. नियम चांगला होता. पण आमचे लोक नियमाला वळसा घालण्यात तयार. आपली बाजू लंगडी आहे हे ज्याला ठाऊक असे, तो साहेबांना काहीतरी खाऊ घालायच्या मागं लागे, म्हणजे केस आपोआप दुसरीकडं जाईल. एकानं तर "नातू झाला, साहेब!" असं म्हणत जिन्यावर त्यांच्या उघड्या तोंडात पेढा कोंबला. साहेब तोंड मिटून तसेच मोरीकडं पळाले आणि पेढा थुंकून आले. केस त्यांनीच चालवली आणि तो हरला. साहेबांनी पेढा गिळला असता तर तो जिंकला असता, असं ड्रायव्हर म्हणायचा.

कारण दुसरे साहेब अगदी वेगळे. गोल चेहऱ्याचे, हसतमुख, कुणाला वाईट न बोलणारे. ते सगळ्यांकडं जेवायचे. तालुक्यात त्यांना कुणीच नावं ठेवत नसे.

आता पेजेचं सांगते. उन्हाळ्यात आम्ही केशोरीच्या वाटेवरच्या एका गावात गेलो होतो. साहेबांची बाटली जीपमध्ये लवंडली, ऊन असं की डोळ्यांपुढं काजवे चमकावेत, आणि हा माणूस कुणाच्या घरचं पाणी घ्यायला तयार नाही. बौद्ध मोहल्ल्यातून चालताना त्यांना भोवळ आली आणि ते एका घराच्या पायरीवर बसले ते बसलेच. आतून घरधनीण आली. सयाबाई तिचं नाव. नवरा गेलेला, घरी ती आणि तिची सून, तांदळाच्या शेताचा एक तुकडा. तिनं हा कोण, कुठला, काही विचारलं नाही. पेजेचं भांडं त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "पी. मराचंच असन त दुसऱ्याच्या दारात मर."

साहेब प्यायले. भांडं रिकामं झालं, तिनं पुन्हा भरलं, पुन्हा प्यायले, आणि बोटानं तळ पुसून घेतला. मी कुणाला इतकं मनापासून खाताना त्याआधी पाहिलं नव्हतं. जीपमध्ये बसल्यावर म्हणाले, "मॅडम, आता या बाईंची केस माझ्याकडं कधी येऊ नये म्हणजे झालं."

गावात मात्र तासाभरात बोंब झाली. ज्यांच्या ज्यांच्या खाटा रिकाम्या परत गेल्या होत्या ते सगळे दुखावले. गावचे पाटील सर्वांत जास्त. पाटीलकी कधीचीच गेली, पण त्यांना पाटीलच म्हणतात आणि ते ऐकूनही घेतात. "आमच्या घरचा च्या याच्या घशाखाली उतरत नाही," ते चावडीवर म्हणाले, "अन् तिकडच्या मोहल्ल्यात जाऊन पेज ढोसते!" त्यांना पेजेचं दुःख नव्हतं, मोहल्ल्याचं होतं.

दिवाळीच्या सुमाराला सयाबाईची केस आली ती साहेबांच्याच टेबलावर. तिच्या शेताला जायचा बैलबंडीचा रस्ता पाटलांच्या शेताच्या कडेनं जात होता. पाटलांनी जेसीबी आणून त्या रस्त्यावर आडवी नाली खोदली होती. धान पिकून उभं, कापणी तोंडावर, आणि बंडी शेतापर्यंत जाणार कशी? असा वहिवाटीचा रस्ता अडवला तर तो मोकळा करून देणं तहसिलीचं काम. पाटलांचं म्हणणं, तिथं रस्ता कधी नव्हताच, बाई आजवर तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, ये-जा करत आली, आणि नाली काढली ती पाण्यासाठी.

साहेबांनी फाइलवरून मान वर केली, सयाबाईला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. भर सुनावणीत उभं राहून त्यांनी सांगितलं, "मी या बाईंच्या घरची पेज प्यालो आहे. ही केस मला चालवता येणार नाही."

सयाबाईला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ती टेबलाजवळ आली. "पेज पेला म्हून माया रस्ता नाही पाहनार? मंग कोन पाहीन?"

"दुसरे साहेब बघतील."

"ते पाटलाकडं जेवते न!"

साहेबांनी फाइलवर दुसऱ्या साहेबांचं नाव लिहिलं. पाटील हसले. मला त्या वेळी पाटलांपेक्षा साहेबांचा राग जास्त आला. त्यांचे हात स्वच्छ राहिले होते आणि त्या स्वच्छतेची किंमत सयाबाईनं भरायची होती. मी तसं त्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "खरं आहे. पण मी ही केस चालवली असती तर तिच्या बाजूनंच निकाल दिला असता. रस्ता नसता तरी दिला असता. ती पेज फार चांगली होती, मॅडम."

दुसऱ्या साहेबांनी हसतमुखानं पुढची तारीख दिली, ती कापणी उलटून गेल्यावरची. सयाबाईनं सुनेला घेऊन धान कापलं. कापलेल्या धानाच्या कडपा शेतात आडव्या पडल्या, वर ढग जमायला लागले, आणि भारे डोक्यावर वाहून घराजवळ पुंजणं, म्हणजे भाऱ्यांचे ढीग, लावायला गावातलं एक माणूस येईना. पाटलांशी वाकडं कोण घेणार? पाणी आलं असतं तर वर्षाचा घास शेतातच कोंबारला असता.

साहेबांनी एक दिवसाची रजा टाकली. कारण लिहिलं: खाजगी काम. आम्हाला वाटलं, मासे.

दुपारी कचेरीत सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजायला लागले. पाटलांच्या पोरानं काढलेला व्हिडिओ गावाच्या ग्रुपवरून तालुक्याच्या ग्रुपवर, तिथून जिल्ह्याच्या ग्रुपवर पोचला होता. त्यात आमचे साहेब, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर धानाचा भारा. पुढं सयाबाईची सून भराभर चालतेय, मागं हे डुगडुगत येतायत. नालीपाशी आले तसे थांबले, एक पाय पलीकडं टाकला, भारा कलला, सगळा देह कलला, आणि कसेबसे सावरून पार झाले. मागून पाटलांचा आवाज ऐकू येत होता: "पाहा रे पाहा, सायब रस्त्यानं धान घेऊन चालला!" शेवटी संध्याकाळच्या बसस्टॉपवर साहेब, अंगभर कुसळं, मांडीवर एक गाठोडं. खाली कुणीतरी लिहिलं होतं: नायब तहसीलदार धान नेताना!

गाठोड्यात खरोखरच धान होतं. आमच्याकडं अजूनही काही घरी कापणीची मजुरी धानात देतात. पुढं मला सयाबाईनंच सांगितलं की साहेब ते घ्यायला मुळीच तयार नव्हते, तेव्हा ती म्हणाली, "मंग मायं धान वावरात होतं तिथं नेऊन ठेव. फुकटात राबवून घ्याले मी का पाटील हाय?" त्यावर साहेबांनी निमूट गाठोडं घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काही सह्यांसाठी त्यांच्या क्वार्टरवर गेले तर दारात सायकली, मोटारसायकली आणि धानाची पोती. तालुक्यात आनंद पसरला होता. साहेब घेतात! साहेब धान घेतात! इतकी वर्षं जो उंबरठा ओलांडता येत नव्हता तो एकदाचा मोकळा झाला होता. लोकांच्या तोंडावर इतकं समाधान मी गावच्या मंडईच्या जत्रेतसुद्धा पाहिलं नाही. चहा नाकारला म्हणून घाबरलेला तो म्हातारासुद्धा एक पोतं घेऊन आला होता, जुन्या कामाचं.

साहेब बनियनवर बाहेर आले. मान आखडलेली, ती वळत नव्हती, म्हणून सगळ्या अंगानिशी वळत म्हणाले, "धान घेईन. आधी शेतावर चला, भारे वाहतो, मग द्या."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. "काऊन सायब," म्हातारा कळवळून म्हणाला, "आमच्या धानात काय खोट हाय?" तासाभरात पोती आली तशी गेली. त्या दिवसापासून तालुक्याचं मत पक्कं झालं की साहेब घेतात, पण माणूस बघून घेतात.

मग सयाबाईच्या केसची तारीख आली. पाटील मोबाईल उंच धरून आले. साहेब कसे त्या बाईला फितूर आहेत, हे त्यांना दाखवायचं होतं. दुसऱ्या साहेबांसमोर, भरलेल्या खोलीत त्यांनी व्हिडिओ लावला, आवाज मोठा केला. दुसरे साहेब कौतुकानं बघत होते. त्या दिवशी जबाब लिहून घ्यायला मलाच बसवलं होतं.

"पाटील," दुसऱ्या साहेबांनी सहज विचारलं, "हे चालले आहेत कुठून?"

"रस्त्यानं," पाटील म्हणाले.

मी लिहून घेतलं. दुसऱ्या साहेबांच्या पोटात पाटलांच्या घरचं किती जेवण होतं देव जाणे, त्यांनी काकुळतीला येऊन पुन्हा विचारलं, "नीट आठवून सांगा, पाटील. रस्त्यानं, की तुमच्या शेतातून?" तेवढ्यात पाटलांच्या हातातला व्हिडिओ पहिल्यापासून सुरू झाला आणि मोबाईलमधून पाटलांचाच आवाज आला: "पाहा रे पाहा, सायब रस्त्यानं..." स्क्रीनवर बंडीच्या जुन्या चाकोऱ्या नालीपर्यंत येत होत्या आणि नालीच्या पलीकडून पुन्हा पुढं जात होत्या. दारातून ड्रायव्हर म्हणाला, "अब तो पूरे जिले ने देख लिया, साहब." दुसऱ्या साहेबांनी मोठा उसासा टाकला आणि रस्ता मोकळा करायचा आदेश दिला. नाली बुजवायला पाटलांनाच जेसीबी परत आणावा लागला, आणि सयाबाईची बंडी शेतापर्यंत जायला लागली. मी त्या दिवशी घरी जाऊन भरपेट जेवले.

पण तोच व्हिडिओ वरही गेला होता, तक्रारीसोबत. साहेबांवर चौकशी बसली: नागरिकाकडून वस्तू स्वीकारली. चौकशीला आलेले अधिकारी भले होते. साहेबांना म्हणाले, "गाठोड्यात काय आहे ते व्हिडिओत दिसत नाही. कपडे होते म्हणा, मी तसं लिहितो."

"धान होतं," साहेब म्हणाले.

सयाबाईलाही आम्ही सगळ्यांनी समजावलं होतं. साहेबाची नोकरी आहे, नाही दिलं म्हणून सांग, एवढंच म्हण. तिनं ऐकून घेतलं आणि चौकशीच्या खोलीत गेली.

"तुम्ही यांना धान दिलं का, बाई?"

"देलं."

"कशाबद्दल?"

"भारे वाहल्याचं. अर्ध्या दिवसाचं."

"अर्ध्या? हे तर म्हणतात दिवसभर होते."

"होता न दिवसभर. पन दर खेपेले बसून राहे. माया सुनेनं याच्या दुप्पट वाहलं. पूर्न कायले देऊ? सायब हाय म्हून?"

साहेब इतके खूष झालेले मी कधी पाहिले नव्हते. मान डोलवत ते पुन्हा पुन्हा "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणत होते आणि समोरचा अधिकारी लिहीत होता: वस्तू स्वीकारल्याचे दोन्ही पक्षांना मान्य.

त्यांना लेखी ताकीद मिळाली आणि त्यांची जिल्ह्याबाहेर बदली झाली. दुसरे साहेब हसतमुखानं बढतीवर गेले. आमच्या तहसिलीच्या दप्तरात लोकांकडून काही घेतल्याचं सिद्ध झालेला अधिकारी आजही एकच आहे. नवे कुणी रुजू झाले की जुनी प्रकरणं बघताना त्यांच्या हाती ती फाइल येते. परवाचे नवे साहेब ती वाचून खिन्न झाले, फाइल मिटून माझ्याकडं सरकवली आणि म्हणाले, "अशा लोकांमुळंच आपलं खातं बदनाम होतं, मॅडम."